न घडलेल्या क्षणांची कारागिरी

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘गती’ हा विषय मुक्रर केला, तेव्हा विमाने, आगगाड्या, बाजारभाव आणि राजकारण यांकडे इतर लेखक आपोआप वळतील अशी माझी खात्री होती. म्हणून गतीच्या दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे ती मुद्दाम रोखून धरण्याच्या एका आधुनिक कसबाकडे, मी मोर्चा वळवला. लग्नाच्या चित्रफितीत नवरानवरीच्या मस्तकांवर अक्षता तरंगत राहतात, वरातीतील फेट्याचा तुरा कसलीही घाई नसल्यासारखा लहरतो, आखाड्यात उधळलेली तांबडी माती खाली यायचे विसरून जाते. ही दृश्ये आता इतकी सर्रास झाली आहेत, की त्यांत काही नवल आहे हे ध्यानातही येत नाही. वास्तविक ज्या संथ हालचालीकडे आपण डोळे भरून पाहतो, तिच्यातील पुष्कळशी चित्रे कोणत्याही कॅमेऱ्याने कधी टिपलेली नसतात. ती मागाहून, पडदे ओढलेल्या एका खोलीत, संगणकाने अनुमानाने रचलेली असतात. ही रचना कशी होते, कोठे साधते, कोठे फसते आणि कोठे ती करूच नये, हे पाहावे म्हणून मी कोल्हापूर गाठले.

शाहूपुरीतील खोली

कोल्हापूर निवडण्यास कारण होते. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वतःच्या हाताने कॅमेरा घडवला आणि जेथे ‘प्रभात’ फिल्म कंपनीचा जन्म झाला, त्या गावात चलच्चित्राचा धंदा आज मुख्यतः लग्नसमारंभ, कुस्तीची मैदाने, मिरवणुका आणि निवडणुकीच्या सभा यांवर चालतो, आणि त्या धंद्याचे हृदय चित्रणाच्या जागी नसून संकलनाच्या खोलीत असते. शाहूपुरीतील अशाच एका खोलीत मी जाऊन बसलो. दोन मोठे पडदे, त्यांच्या खाली ओळीने मांडलेल्या हार्ड डिस्का, प्रत्येकीवर चिकटपट्टीने लावलेले एकेका घराण्याचे आडनाव आणि लग्नाची तारीख, आणि संगणक तापू नये म्हणून सदैव चालू असलेला एसी, एवढाच तेथील सरंजाम. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात ते आषाढापर्यंत चालतात आणि चातुर्मासात थांबतात. त्यामुळे बाहेर जेव्हा लग्ने बंद असतात, तेव्हा या खोलीत मागील सराईतील लग्ने दिवसरात्र लागत असतात.

संकलक चाळिशीचा, बोलण्यात अस्सल कोल्हापुरी आणि कामात कमालीचा शिस्तीचा माणूस. “सर, गिऱ्हाईक येतंय तेच म्हणत येतंय, पोरीच्या एंट्रीला स्लो मोशन पाहिजे,” तो म्हणाला. “शूटच्या आधी सांगितलं तर काय अडचणच न्हाई. शूट झाल्यावर सांगितलं, की मग ही सगळी कसरत.” त्याच्या मते ही मागणी ‘सैराट’नंतर वाढली. नागराज मंजुळे यांच्या २०१६ सालच्या त्या चित्रपटात नायकाच्या धावण्याची आणि विहिरीतील उडीची जी संथ दृश्ये सुधाकर रेड्डी यक्कंटी यांनी टिपली, त्यांनी महाराष्ट्राच्या गावोगावच्या वरांना आपणही तसेच दिसावे अशी आकांक्षा दिली. मात्र चित्रपटाच्या कॅमेऱ्याने आधीच ठरवून साधलेला परिणाम मांडवातील साध्या चित्रणातून मागाहून काढून द्यावा, ही अपेक्षा संकलकाच्या माथी येऊन पडली.

हिशेब फ्रेमांचा

या कामाचे मूळ अंकगणितात आहे. आपल्याकडील व्हिडिओ सामान्यतः सेकंदाला २५ फ्रेम या वेगाने दाखवला जातो. त्याच वेगाने टिपलेले दृश्य निम्म्या गतीने दाखवायचे म्हटले, की एका सेकंदाच्या ऐवजाला दोन सेकंद पुरवून वापरावे लागते, म्हणजे ५० फ्रेम हव्यात आणि हाती २५ आहेत. पाचपट संथ करायचे ठरले तर १२५ हव्यात, आणि तेव्हा प्रेक्षक जे पाहतो त्यातील दर पाच चित्रांपैकी चार चित्रांना अस्सल असा काही आधारच उरत नाही. ही तूट भरून काढण्याचे तीन मार्ग संकलनाच्या प्रत्येक मातब्बर सॉफ्टवेअरमध्ये, मग ते ‘प्रीमियर प्रो’ असो, ‘दाविंची रिझॉल्व्ह’ असो वा ‘फायनल कट प्रो’, नावांच्या किरकोळ फरकाने दिलेले असतात.

पहिला मार्ग पुनरुक्तीचा: आहे तीच फ्रेम पुन्हा दाखवायची. निम्म्या गतीला प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा येते, म्हणून ती पुनरुक्ती निदान समान असते. पण गती ४० टक्के केली, की काही फ्रेमा दोनदा आणि काही तीनदा येऊ लागतात, आणि हा असमान ठेका डोळ्याला खुपतो. “बघा, कसं झटकं मारतंय,” असे म्हणून संकलकाने ते मला दाखवले, तेव्हा नवरीचे मांडवातील आगमन अडखळत अडखळत होत होते. दुसरा मार्ग मिश्रणाचा: लगतच्या दोन फ्रेमा एकमेकींवर अर्धपारदर्शक ठेवून मधली तयार करायची. त्याने अडखळणे मिटते, पण हलणाऱ्या हाताच्या जागी दोन फिकट हात दिसू लागतात. धूर, ढग, नदीचे पाणी अशा मुळातच अस्पष्ट वस्तूंना हे मिश्रण शोभते. मनुष्याच्या चेहऱ्याला ते भुताटकीची कळा आणते.

तिसरा मार्ग सर्वांत महत्त्वाकांक्षी, आणि ‘स्मूद’ म्हणून गिऱ्हाईक जे मागते ते हेच. यात संगणक दोन फ्रेमांमधील प्रत्येक ठिपका कोठून कोठे सरकला याचा माग काढतो आणि मधल्या वेळी तो कोठे असला पाहिजे हे ठरवून तेथे नवा ठिपका मांडतो. वारीच्या पालखीचे लागोपाठचे दोन मुक्काम ठाऊक असले, की दुपारच्या विसाव्याला ती कोठवर आली असेल हे वाटेचा जाणकार सांगतो, तसे हे अनुमान असते. या पद्धतीला धंद्यात ‘ऑप्टिकल फ्लो’ म्हणतात, आणि ती लावली, की ‘प्रीमियर’च्या टाइमलाइनवर लाल रेघ उमटते. दृश्य रेंडर होईपर्यंत, म्हणजे संगणक सगळी नवी चित्रे रचून होईपर्यंत, खरा परिणाम पाहावयास मिळत नाही. मोठे काम असले, की रात्री रेंडरला लावून घरी जाण्याचा शिरस्ता आहे.

हाताने फिरवायचा दांडा

काळाशी अशी ढवळाढवळ करण्याची इच्छा संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. आरंभीच्या कॅमेऱ्यांना मोटार नव्हती; चित्रणकार हाताने दांडा फिरवीत असे, आणि तो नेहमीपेक्षा जलद फिरवला, की पडद्यावर हालचाल संथ होई. ऑस्ट्रियातील आउगुस्ट मुस्गर या धर्मोपदेशकाने, जो भौतिकशास्त्राचा शिक्षकही होता, १९०४ साली फिरत्या आरशांच्या साहाय्याने गती संथ दाखवणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. परंतु त्याची फी भरणे न झाल्याने तो हक्क बुडाला आणि ड्रेस्डेनच्या एर्नेमान कारखान्याने ती कल्पना बाजारात आणली.

आपल्याकडे या खटाटोपाचा आरंभ उलट्या दिशेने झाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली, ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर येण्यापूर्वी, कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या अंकुराची वाढ दीर्घ अंतराने एकेक फ्रेम टिपून चित्रित केली आणि बरेच दिवस लागलेली घडामोड काही क्षणांत दाखवून भांडवल देणाऱ्याची खात्री पटवली. म्हणजे मराठी चित्रसृष्टीचे पहिले पाऊल काळ आकुंचित करण्याचे होते. मात्र फाळक्यांच्या अंकुराची आणि शाहूपुरीतील नवरीची तुलना केली, की एक मूलभूत तफावत दिसते: फाळक्यांनी पुष्कळ वगळले, पण दाखवले ते सारे घडलेले होते. काळ आकुंचित करणाऱ्याला त्याग करावा लागतो. तो लांबवणाऱ्याला भर घालावी लागते, आणि भर घालणाऱ्याची जबाबदारी निराळी असते.

दांड्याने केलेली संथ गतीही या दृष्टीने निर्दोषच होती, कारण जलद फिरवलेल्या कॅमेऱ्याने खरोखरच अधिक चित्रे टिपलेली असत. अकिरा कुरोसावाने १९५४ च्या ‘सेव्हन सामुराई’त मरणाऱ्या मनुष्याचे कोसळणे संथ केले ते याच बळावर. अनुमानाचा शिरकाव लोकांच्या नजरेत भरला तो १९९९ च्या ‘द मेट्रिक्स’मध्ये: गोळ्या चुकवणाऱ्या नायकाभोवती स्थिरचित्रांचे शंभराहून अधिक कॅमेरे ओळीने मांडून, दोन कॅमेऱ्यांमधील चित्रे संगणकाने भरून काढली गेली, आणि जेथे कोणताच कॅमेरा नव्हता तेथून प्रेक्षकांनी ते दृश्य पाहिले.

ठिपक्याचा माग

ठिपक्यांच्या प्रवाहाची ही कल्पना मुळात संगणकशास्त्रातील नव्हे. जेम्स गिब्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या दृष्टीचा अभ्यास करताना असे मांडले, की विमान उतरू लागले म्हणजे जमिनीवरील सर्व खुणा एका बिंदूपासून बाहेर वाहत गेल्यासारख्या दिसतात, आणि वैमानिकाला दिशा कळते ती या प्रवाहावरून. पुढे १९८१ साली बर्थोल्ड हॉर्न व ब्रायन शुंक यांनी, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे ब्रूस लुकास व ताकेओ कानाडे यांनी, हा प्रवाह गणिताने काढण्याच्या दोन रीती सिद्ध केल्या. दोहोंच्या मुळाशी एक गृहीतक समान आहे: ठिपका जागा बदलतो, पण त्याची उजळी बदलत नाही. हॉर्न आणि शुंक यांनी त्याला प्रवाह सर्वत्र सलग असावा अशी अट जोडली. लुकास आणि कानाडे यांनी लहानशा परिसरातील ठिपके एकत्र सरकतात असे धरले.

ही गृहीतके मांडवात कशी मोडतात, हे पाहिल्याविना त्यांचा अर्थ पुरता उमगत नाही. नवरीच्या शालूवर जेथे जरीचे बुट्टे आहेत, तेथे संगणकाला पकड मिळते; जेथे सलग एकरंगी पोत आहे, तेथे एक ठिपका दुसऱ्यासारखाच असल्याने कापड हलले की नाही हेच त्याला कळत नाही. सरळ काठ असेल, तर काठाला आडवी हालचाल कळते, काठाच्या दिशेने झालेली कळत नाही. फोटोग्राफरचा फ्लॅश उडतो तेव्हा एका फ्रेमपुरती सगळ्या मांडवाची उजळी बदलते आणि मूळ गृहीतकच कोसळते. म्हणून संकलक अशी फ्रेम आधी हेरून कापून टाकतो. क्लिपच्या मध्ये कट असेल, तर संगणक आधीच्या दृश्यातील वरमाईला पुढच्या दृश्यातील समईत विरघळवू पाहतो. म्हणून कटाच्या जागी क्लिप तोडून मगच गती बदलायची असते.

“भावा, ते अक्षतांचं काढ,” असे त्याने साहाय्यकाला सांगितले, आणि मला या विद्येची खरी कसोटी पाहावयास मिळाली. मंगलाष्टकांतील ‘सावधान’ संपताच शेकडो हातांतून सुटलेले तांदळाचे दाणे एकसारखे, लहान आणि वेगवान असतात. पहिल्या फ्रेममधील कोणता दाणा दुसऱ्या फ्रेममधील कोणता, हे ओळखण्यास काहीही खूण नसते. संगणक शेजारचा दाणा आपलाच समजून जोड्या लावतो, आणि पडद्यावर काही दाणे वर चढतात, काही आडवे धावतात, काही जागच्या जागी विरतात. त्याहून वाईट प्रकार असा, की दाणे ज्याच्यावरून पडत आहेत तो नवरीचा चेहराही त्यांच्याबरोबर ओढला जातो आणि गालाची कड क्षणभर लवते. “चेहरा वितळला की गिऱ्हाईक पैसं देत न्हाई,” साहाय्यक हसून म्हणाला. पण यातून निघालेला त्या खोलीचा नियम गंभीर आहे. चेहऱ्याच्या पुढे काही उडत असेल तर अनुमान लावायचे नाही. गती निम्मीच ठेवायची आणि मिश्रणावर भागवायचे.

कुस्तीचे चित्रण याहून अवघड. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात दोन मल्ल एकमेकांत गुंतले, की अंगावर सारखीच माती, कातडीचा सारखाच रंग आणि एकमेकांच्या आड जाणारे हातपाय. धोबीपछाड टाकताना एकाची मांडी दुसऱ्याच्या पाठीआड गेली, की ती पुन्हा कोठून प्रगट व्हावी याचा काहीच दाखला संगणकापाशी नसतो. जे आड गेले आणि जे नव्याने उघडे पडले, त्या दोन्ही जागा त्याला शेजारचे ताणून भराव्या लागतात. सायकलच्या आऱ्या, एकमेकांना ओलांडणारे पाय, हलणारी बोटे हीच त्याची मर्मस्थाने आहेत.

सगळे चित्रणापूर्वी ठरते

या सर्व अडचणींवर त्या खोलीतील उत्तर एकच आहे, आणि ते संगणकात नाही. “कॅमेऱ्यात जे आलंच न्हाई, ते ह्यात कुठनं आणायचं?” असे संकलक वारंवार म्हणे. सेकंदाला १०० फ्रेम टिपल्या, तर २५ च्या टाइमलाइनवर चौपट संथ गती कोणतेही अनुमान न करता मिळते. त्या क्लिपचा वेग २५ धरावा असे सॉफ्टवेअरला सांगायचे, म्हणजे ती ‘इंटरप्रिट’ करायची, की काम झाले. ५० टिपल्या, तर निम्म्या गतीला प्रत्येक फ्रेम बरोबर एकदा येते. तीच क्लिप ४० टक्क्यांवर नेली, की सेकंदाला २० फ्रेमाच हाती येतात, पाच पुन्हा दाखवाव्या लागतात आणि अडखळणे परत येते. गती निवडताना गिऱ्हाइकाच्या हौसेपेक्षा हा भागाकार पाहावा, हा संकलकाचा पहिला सल्ला.

दुसरा सल्ला उजेडाचा. २५ फ्रेमना शटर साधारणतः पन्नासांश सेकंद ठेवतात, १०० ला दोनशेवा भाग; म्हणजे प्रत्येक फ्रेमवर पडणारा प्रकाश चौथाईवर येतो, आणि कार्यालयातील मंद दिव्यांत चित्र दाणेदार होते. तरीही मागाहून अनुमानाने संथ करायचे दृश्य जलद शटरनेच घ्यावे, कारण हालचालीने फराटा पडलेल्या हाताची कड कोठे आहे हे संगणकाला ठरवता येत नाही. स्पष्ट कडांवर त्याचे काम नीट होते, आणि हवा असल्यास फराटा शेवटी वेगळा घालता येतो. तिसरी बाब विजेची. आपल्या विजेची कंप्रता ५० असल्याने पुष्कळसे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात व मंदावतात. कॅमेरा १०० फ्रेमांवर असेल, तर प्रत्येक फ्रेमला त्या चढउताराचा सारखाच भाग मिळतो. १२० वर ठेवला, की हा मेळ बिघडतो आणि २५ ने दाखवताना मांडव सेकंदाला चारएक वेळा लुकलुकू लागतो. म्हणून कॅमेऱ्याचा मेनू १२० फ्रेमा देणाऱ्या ‘एनटीएससी’वरून १०० देणाऱ्या ‘पाल’वर आणून मगच कार्यालयात पाऊल ठेवायचे, अशी सक्त ताकीद संकलकाच्या हाताखालच्या मुलांना आहे.

फोन हा आता प्रत्येक करवलीच्या हाती असलेला कॅमेरा. २०१३ च्या ‘आयफोन ५ एस’ने १२० आणि पुढील वर्षीच्या ‘आयफोन ६’ने २४० फ्रेम खिशात आणल्यापासून संथ गती ही धनिकांची मिरास उरली नाही. परंतु साधारण चित्रणात फोन उजेड आणि प्रोसेसरचा ताण पाहून फ्रेमांचा वेग स्वतःच कमीअधिक करतो, त्यामुळे टाइमलाइनवर ते अडखळते. ते आधी एकसारख्या वेगात बदलून घेणे, ही पहिली खबरदारी. दुसरी अशी, की हात हलल्याने आलेला कंप घालवण्याचा उपाय आणि गतीचा बदल ‘प्रीमियर’मध्ये एकाच क्लिपवर एकत्र बसत नाहीत; एक उपाय करून क्लिप नेस्ट करायची, म्हणजे दुसऱ्या क्लिपच्या पोटात ठेवायची, आणि मग दुसरा लावायचा.

गती संपूर्ण दृश्यभर एकसारखी संथ ठेवणे हे मात्र संकलकाला नवशिकेपणाचे लक्षण वाटते. वरात नेहमीच्या वेगाने येते, नवरदेव घोड्यावरून उतरतो त्या क्षणी काळ रेंगाळतो आणि पाय जमिनीला लागताच पुन्हा पूर्ववत धावतो. या चढउताराला धंद्यातील लोक ‘रॅम्प’ म्हणतात, आणि की-फ्रेमांमधील, म्हणजे गतीबदलाच्या खुणांमधील, रेघेला किती वळण द्यावे यात त्यांचे सर्व कौशल्य असते. रेघ सरळ ठेवली, तर गती बदलल्याचा धक्का जाणवतो. वळण दिले, तर बदल झाला एवढे कळते, केव्हा ते कळत नाही. हलगीच्या ठोक्यावर तो बदल पडला पाहिजे. ध्वनीचा मामला स्वतंत्र: निम्म्या गतीला सूर एका सप्तकाने उतरतो आणि भटजींची मंगलाष्टके खर्जात घोंगावू लागतात. सूर जागेवर राखण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण ताणलेला आवाज पोकळ होतो. म्हणून संकलक मंगलाष्टके मूळ वेगानेच ठेवून चित्र तेवढे त्यांच्याखाली संथ सोडतो. कान खऱ्या काळात आणि डोळे लांबवलेल्या काळात, अशी ही विभागणी आहे.

शिकलेले यंत्र

अलीकडे या विद्येत मोठी क्रांती झाली आहे. २०१८ साली ‘एनव्हिडिया’च्या संशोधकांनी ‘सुपर स्लोमो’ ही पद्धत मांडली. तिच्या शिकवणीसाठी सेकंदाला २४० फ्रेमांनी टिपलेले, दैनंदिन हालचाली आणि खेळ यांचे ११,००० हून अधिक व्हिडिओ वापरले गेले. शिकवणीची रीत मोठी चतुर आहे: खऱ्या चित्रणातील मधल्या फ्रेमा लपवायच्या, आजूबाजूच्या दोन यंत्राला द्यायच्या, मधली ओळखायला लावायची, आणि लपवलेली काढून चूक किती झाली हे त्याला दाखवायचे. असंख्य वेळा हे झाले, की हात कसा वळतो, पदर कसा उडतो, चेंडू कसा टप्पा घेतो याचा संस्कार यंत्रावर होतो. पुढच्याच वर्षी ‘दाविंची रिझॉल्व्ह’मध्ये ‘स्पीड वार्प’ नावाने अशीच सोय आली, आणि संकलकाने तिच्यावर चालवलेले नवरीचे आगमन पाहताना, पाच चित्रांपैकी चार कल्पित आहेत हे ठाऊक असूनही, मला एकही बोट दाखवता येईना.

माझ्या मते या विषयातील सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट येथेच आहे. जुनी पद्धत फसे तेव्हा ती उघड फसे. गाल लवे, दाणे उलटे धावत, मल्लाचा हात वितळे, आणि पाहणाऱ्याला आपोआप समजे की येथे काहीतरी बनावट आहे. तिचा दोषच तिची कबुली होता. शिकलेले यंत्र अडले, तरी नीटनेटके चित्र देते. त्याला खरे ठाऊक नसेल तेथे ते संभवनीय असे काहीतरी मांडते, आणि संभवनीय गोष्ट डोळ्याला खटकत नाही. गुळगुळीतपणा जसजसा वाढतो, तसतशी पारख करण्याची आपली साधने कमी होत जातात.

उत्सव आणि साक्ष

लग्नाच्या फितीत या गुळगुळीत अनुमानाने कोणाचे काही बिघडत नाही. तेथे स्मृतीला शोभा आणणे हेच इष्ट असते, आणि जुन्या छायाचित्रांवर हाताने रंग चढवणारे कलावंतही हेच करीत. प्रश्न उभा राहतो तो चित्र निवाड्यासाठी पुढे येते तेव्हा. १९९२ च्या नोव्हेंबरात डर्बन कसोटीत सचिन तेंडुलकर धावचीत झाला, तो तिसऱ्या पंचाने चित्रण पाहून दिलेला पहिला बळी. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर दोन फ्रेमांत ४० सहस्रांश सेकंदांचे अंतर असते. सेकंदाला सात मीटर धावणारा फलंदाज तेवढ्यात २८ सेंटिमीटर, म्हणजे वितीहून अधिक, पुढे जातो. त्या वितीत तो आत होता की बाहेर, हे संगणकाने रचलेल्या फ्रेमवरून ठरवणे म्हणजे साक्षीदार नसताना साक्ष नोंदवणे होय. म्हणूनच पंचांसाठी कॅमेऱ्यांचा वेग वाढवण्याचा मार्ग धरला गेला.

खऱ्या फ्रेमांचीही संथ गती निर्दोष नाही. युजीन करूसो, झॅकरी बर्न्स आणि बेंजामिन कॉन्व्हर्स यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की हिंसक कृत्याचे तेच चित्रण संथ गतीने पाहणाऱ्यांना ते अधिक हेतुपुरस्सर वाटते. जणू कर्त्याला विचार करायला तेवढा वेळ मिळाला होता, असा पाहणाऱ्याचा ग्रह होतो, आणि मूळ गती सोबत दाखवली तरी तो पूर्णपणे जात नाही. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात रुजू करताना प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे तिच्या आशयावरून गणिताने काढलेली खूण, नोंदवायची असते. फाइलमध्ये एका फ्रेमचीही भर पडली, की ती किंमत बदलते. दप्तर म्हणून ही तजवीज योग्यच आहे, पण ती न्यायालयाच्या उंबऱ्यापाशी सुरू होते. गावातील मोबाइलवर फिरणाऱ्या संथ चित्राला कोणतेही प्रमाणपत्र लागत नाही.

निघण्यापूर्वी संकलकाने एक हकीकत सांगितली. जिल्ह्यातील एका मैदानात निकाली कुस्तीवरून वाद झाला. खालच्या मल्लाची पाठ पूर्ण लागली की एक खांदा वर राहिला, यावर दोन तालमींत जुंपली, आणि चित्रण याने केले असल्याने दोन्हीकडची मंडळी त्याच्याकडे येऊन ‘स्लो मोशन करून दाखवा’ म्हणू लागली. त्याच्या हाताखाली अद्ययावत सॉफ्टवेअर होते. तो क्षण दहापट संथ करून पाठ लागताना दाखवणे किंवा खांदा अधांतरी दाखवणे, दोन्ही इतके गुळगुळीत झाले असते की कोणाला संशय आला नसता. त्याने मूळ क्लिप उघडली, खांदा निश्चित वर असलेली फ्रेम आणि मल्ल कुशीवर वळल्याची लगतची फ्रेम, अशा दोनच फ्रेमा शेजारी शेजारी ठेवल्या आणि सांगितले, “ह्या दोन फ्रेमांच्या मधलं माझ्याकडं काय न्हाई. पाहिजे असंल तर बनवून देतो, पण ते मी बनवलेलं असंल.” मंडळी नाराज झाली, काहींनी त्याला अडाणी ठरवले, पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली, आणि पुढच्या वर्षी त्याच मैदानाच्या चित्रणाचे काम त्याच्याकडेच आले; या वेळी अट एवढीच होती, की कॅमेरा सेकंदाला १०० फ्रेमांवर असावा.